फर्ग्युसनची वही: विशीच्या आतले गोल पूर्ण, आता गोल नसलेली पानं

आयर्लंडचा फुटबॉल फॉरवर्ड इव्हन फर्ग्युसन याने वयाची २० वर्षं पुरी होण्याआधी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये केलेले सगळे गोल एकदाचे ग्राफपेपरवर उतरले. एकूण १२. ब्रायटन क्लबकडून २०२२-२३ च्या मोसमात ६ आणि २०२३-२४ मध्ये ६. कपमधले आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचे गोल पिवळ्या कागदावर वेगळे ठेवलेत. त्यांचं पेन्सिलकाम झालंय, शाई फिरवायची बाकी आहे.

गोल कागदावर आखायच्या या छंदात नव्याने आलेल्यांसाठी माप पुन्हा सांगतो. अर्धं मैदान ए-थ्री कागदावर, १ सेंटीमीटर म्हणजे २ मीटर. मैदानाची रुंदी ६८ मीटर, म्हणजे ३४ सेंटीमीटर. अर्धी लांबी ५२.५ मीटर, म्हणजे सव्वासव्वीस सेंटीमीटर. कागद आडवा धरला की कडेला टिपणापुरती जागा उरते. दोन गोलपोस्टमधलं अंतर ७.३२ मीटर, ते कागदावर ३.६६ सेंटीमीटर होतं. शॉट कुठून मारला हे ठरवताना टीव्हीचा तिरका कॅमेरा दगा देतो, तिथे गवताचे पट्टे धावून येतात. छोटा बॉक्स गोलरेषेपासून ५.५ मीटरवर संपतो, पेनल्टी बॉक्स १६.५ वर. बऱ्याच मैदानांवर गवत कापताना हेच अंतर धरतात, त्यामुळे बॉक्सच्या आत तीन सारखे पट्टे पडतात. फॉरवर्डचा पाय कुठल्या पट्ट्यात आहे ते बघायचं, पेनल्टी स्पॉट ११ मीटरवर असतोच, आणि मग चूक मीटरभराच्या पलीकडे जात नाही.

या खेपेला मी एक नवी खूण सुरू केली. आपण सगळे जिथून चेंडू मारला तिथे भरीव ठिपका देतो. मी आता त्याच्या दोन सेकंद आधी तो कुठे उभा होता तिथे पोकळ वर्तुळ काढतो आणि सगळ्यांत जवळच्या डिफेंडरसाठी त्रिकोण. ठिपका आणि पोकळ वर्तुळ तुटक रेषेने जोडायचे. ही रेषा काढायला लागल्यापासून या मुलाकडे बघायची माझी नजरच बदलली. लहान वयात चमकलेला फॉरवर्ड म्हटलं की आपण वेग शोधतो, चार जणांना चकवून पळणारा पोरगा शोधतो. फर्ग्युसनच्या पानांवर तुटक रेषा आखूड आहेत. तो फार पळतच नाही. डिफेंडर चेंडूकडे बघायला लागला की हा दोन पावलं मागे किंवा बाजूला सरकतो, आणि चेंडू येतो तेव्हा याच्या भोवती जागा असते. १८ वर्षांच्या मुलाकडे हा धीर आला कुठून, याच प्रश्नासाठी मी वही मागे नेली आणि सुरुवातीची पानं नव्याने लिहिली.

जन्म १९ ऑक्टोबर २००४. गाव बेटीस्टाउन, मीथ काउंटी, डब्लिनच्या उत्तरेला समुद्रकाठी. वडील बॅरी फर्ग्युसन स्वतः व्यावसायिक खेळाडू होते, इंग्लंडमध्ये कोव्हेंट्री सिटीकडे होते आणि नंतर आयरिश लीगमध्ये बरीच वर्षं खेळले. ते डिफेंडर होते, हे माझ्या लेखी फार मोलाचं आहे. घरातच सेंटर-बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधला डिफेंडर, असेल तर सेंटर-बॅकला कशाचा त्रास होतो हे पोराला जेवणाच्या टेबलावर कळतं, असं मला पक्कं वाटतं.

मुलगा डब्लिनच्या सेंट केव्हिन्स बॉइज आणि बोहीमियन्स या क्लबांच्या वाटेने वर आला. बोहीमियन्सचं मैदान म्हणजे फिब्सबरोमधलं डॅलीमाउंट पार्क. जुनं, घरांच्या गर्दीत बसलेलं, आणि क्लब त्याच्या सभासदांच्या मालकीचा. जुलै २०१९ मध्ये तिथे चेल्सीचा संघ मित्रत्वाचा सामना खेळायला आला. फ्रँक लॅम्पार्डचा चेल्सीचा मॅनेजर म्हणून तो पहिलाच सामना. १-१ असा सुटला. त्या सामन्यात बोहीमियन्सने फर्ग्युसनला सब (बदली खेळाडू) म्हणून उतरवलं, तेव्हा तो १४ वर्षांचा होता. त्याच वर्षी सप्टेंबरात डेरी सिटीविरुद्ध लीगमध्येही तो उतरला, अजून १५ पुरे व्हायचे होते. आयरिश लीगमधले डिफेंडर मुलाचं वय बघून खांदा हळू लावत नाहीत. मोठ्या इंग्लिश अकादमीत १४ वर्षांचा मुलगा १४-१५ वर्षांच्या मुलांशीच खेळतो. हा मात्र संसारी माणसांशी भिडत होता. ताकदीने त्यांना हरवणं शक्यच नव्हतं, म्हणून आधी कुठे उभं राहायचं ते शिकावं लागलं असणार. आखूड तुटक रेषांचं मूळ मी तिथे धरतो.

जानेवारी २०२१ मध्ये तो ब्रायटनला गेला, वय १६. या तारखेपाशी वहीत मी लाल खूण केलीय, कारण ब्रेक्झिटनंतरचे नियम त्याच महिन्यात लागू झाले. तेव्हापासून ब्रिटिश क्लबांना परदेशातला १८ वर्षांखालचा खेळाडू घेता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आयरिश मुलं १५-१६ व्या वर्षी बोटीने किंवा विमानाने इंग्लंडला जात आली. तो रस्ता बंद झाला. फर्ग्युसन त्या रस्त्याने गेलेल्या अगदी शेवटच्यांपैकी एक.

ब्रायटनमध्ये पहिलं दीड वर्ष शांततेत गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये लीग कपमध्ये कार्डिफविरुद्ध पहिल्या संघात पदार्पण, फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्नलीविरुद्ध प्रीमियर लीगमध्ये. त्या सामन्यात ब्रायटन घरच्या मैदानावर ०-३ हरलं. सप्टेंबर २०२२ मध्ये मॅनेजर ग्रॅहम पॉटर चेल्सीला गेले आणि रॉबेर्तो द झेर्बी आले, तिथून गोष्ट वेग घेते. द झेर्बींच्या संघात मागचे डिफेंडर चेंडूवर बूट ठेवून थांबायचे, समोरच्याला मुद्दाम अंगावर घ्यायचे, आणि तो आला की मधल्या मोकळ्या जागेतून पास पुढे सोडायचे. अशा खेळात पुढच्या खेळाडूला दोन गोष्टी लागतात: पाठीवर डिफेंडर असताना चेंडू एका टचमध्ये परत देणं, आणि लगेच वळून बॉक्समध्ये योग्य जागी पोचणं. हे काम जणू फर्ग्युसनसाठीच बेतलेलं होतं.

३१ डिसेंबर २०२२, अमेक्स स्टेडियम, आर्सेनल. ब्रायटन २-४ हरलं, पण सब म्हणून आलेल्या फर्ग्युसनने डिफेंडर सालिबाला मागे टाकून गोलकीपर रॅम्सडेलच्या बाजूने चेंडू आत सारला. १८ वर्षं आणि ७३ दिवस. प्रीमियर लीगमध्ये ब्रायटनसाठी गोल करणारा सगळ्यांत लहान खेळाडू. तीनच दिवसांनी गुडिसन पार्कवर एव्हर्टनविरुद्ध लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीच्या अकरात, आणि एक गोल, एक असिस्ट (गोलसाठीचा पास). ब्रायटन ४-१. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला सहा मिनिटांत तीन गोल झाले. ते पान काढताना बाणांची इतकी गर्दी झाली की मला तीन वेगळे कागद घ्यावे लागले.

लेस्टरविरुद्धचा २१ जानेवारीचा गोल माझ्या मते या सगळ्यांत शिकण्यासारखा. ८८ वं मिनिट, ब्रायटन १-२ मागे, डावीकडून सहकारी एस्तुपिन्यानचा क्रॉस (कडेने बॉक्समध्ये टाकलेला चेंडू) आणि फर्ग्युसनचं हेडर. व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावा आणि चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे बघा. क्रॉस येण्याच्या क्षणी डिफेंडरांच्या माना चेंडूकडे वळतात, आणि नेमक्या त्याच क्षणी हा आपली जागा घेतो. माझ्या पानावर पोकळ वर्तुळ आणि ठिपका यांच्यात बोटभर अंतर आहे, पण त्रिकोण त्याच्या चुकीच्या बाजूला राहिलाय.

जानेवारीच्या अखेरीस एफए कपमध्ये लिव्हरपूलविरुद्ध फाबिन्योने त्याच्या घोट्यावर वाईट फाऊल केलं आणि त्याला मैदान सोडावं लागलं. महिन्याभरात तो परतला: स्टोकविरुद्ध एकमेव गोल, ग्रिम्स्बीविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात दोन. एप्रिलमध्ये बोर्नमथविरुद्ध सहकारी मितोमाच्या क्रॉसवर पाठमोऱ्या टाचेने केलेला गोल काढायला सगळ्यांत अवघड, कारण शरीर एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे. अशा गोलला मी ठिपक्याभोवती छोटा बाण काढतो, छातीची दिशा दाखवायला. तुमच्यापैकी कुणाकडे याहून चांगली खूण असेल तर कळवा. २१ मेला साउदॅम्प्टनविरुद्ध दोन गोल, ३-१, आणि त्या विजयाने ब्रायटनची इतिहासात प्रथमच युरोपीय स्पर्धेत जागा पक्की झाली.

२ सप्टेंबर २०२३, न्यूकॅसलविरुद्ध हॅट-ट्रिक. १८ किंवा त्याहून कमी वयात प्रीमियर लीगमध्ये हॅट-ट्रिक करणारा तो चौथा. आधीचे तिघे ख्रिस बार्ट-विल्यम्स, रॉबी फाउलर आणि मायकेल ओवेन. या तीन गोलांचे कागद शेजारी ठेवले की मजा येते. पहिल्यात सहकारी गिल्मरचा शॉट गोलकीपर पोपच्या हातून सुटला आणि हा तिथे हजर. दुसरा बॉक्सबाहेरून, खालून, कोपऱ्यात. तिसरा न्यूकॅसलच्या शॅरला लागून दिशा बदलून गेला. नशीब म्हणून तो पहिला गोल सोडून देणारे बरेच भेटतील. मला ते पटत नाही. गिल्मरने पाय उचलला तेव्हाच फर्ग्युसन पुढे निघाला होता. चेंडू सुटलाच नसता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं की तो धावला होता.

राष्ट्रीय संघाची पानं मोजकी आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये नॉर्वेविरुद्ध सब म्हणून पदार्पण, मार्च २०२३ मध्ये लाटव्हियाविरुद्ध पहिला गोल, मग जिब्राल्टरविरुद्ध दोन वेगवेगळ्या सामन्यांत एकेक. तेवढ्यावर डब्लिनमध्ये किती आशा बांधल्या गेल्या हे समजायला आयर्लंडचा जुना फॉरवर्ड रॉबी कीन याचा आकडा डोळ्यांसमोर हवा: १४६ सामने, ६८ गोल. तो २०१६ मध्ये थांबला आणि देश तेव्हापासून नऊ नंबर, म्हणजे गोल करणारा मुख्य फॉरवर्ड, शोधत होता. कीननेही १७ व्या वर्षी वुल्व्ह्‌जसाठी पदार्पणातच दोन गोल केले होते, त्यामुळे तुलना आपोआप झाली आणि त्या मुलावर तिचा भार आला. मला तो अन्याय वाटतो. कीन बचावाच्या फटीतून निसटणारा, फर्ग्युसन फट तयार होईपर्यंत थांबणारा. दोघांची पानं एकमेकांवर ठेवली तर रेषा जुळतच नाहीत.

आणि मग ती पानं, ज्यांच्यासाठी हा भाग लिहितोय. २५ नोव्हेंबर २०२३ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर गोल, ब्रायटन ३-२. त्यानंतर विशी लागेपर्यंत लीगमध्ये एकही नाही. मार्च २०२४ मध्ये बेल्जियमविरुद्ध डब्लिनमध्ये त्याची पेनल्टी अडवली गेली, पुढे घोट्याच्या दुखापतीने मोसम आधीच संपला. पुढचा लीग गोल आला २६ ऑक्टोबर २०२४ ला वुल्व्ह्‌जविरुद्ध, विसावा वाढदिवस उलटून आठवडा झाल्यावर, म्हणजे माझ्या वहीच्या हद्दीबाहेर.

या अकरा महिन्यांचं काय करायचं यावर मी बराच विचार केला. बहुतेक जण गोल नसलेला काळ एका ओळीत मिटवतात. मी ठरवलंय की या काळातल्या ज्या सामन्यांचं पूर्ण चित्रण मिळेल त्यांचे कागद काढायचे, फक्त ठिपक्यांशिवाय. पोकळ वर्तुळ, त्रिकोण आणि पास जिथून यायला हवा होता ती जागा. आतापर्यंत जेवढी पानं झालीत त्यांत तो तिथेच उभा दिसतो जिथे आधी दिसायचा. दोन पावलं मागे, डिफेंडरच्या नजरेआड. फरक शेवटच्या पावलात आहे. आधी पास सुटताच तो जागेवर असायचा, इथे अर्ध्या पावलाने उशिरा पोचतो. दुखऱ्या घोट्याचा माणूस पहिलं पाऊल जपून टाकतो, मला तरी यात तेच दिसतं. पानं वाढली की हे टिकतं का ते बघू.

वहीचा पुढचा खंड मेसन मेलियाचा. जन्म सप्टेंबर २००७, सेंट पॅट्रिक्स अ‍ॅथलेटिकचा फॉरवर्ड, टॉटनहॅमने त्याला विक्रमी रकमेला घेतलं, पण नियमामुळे १८ पूर्ण होईपर्यंत त्याला डब्लिनमध्येच राहावं लागलं. म्हणजे फर्ग्युसनने १६ व्या वर्षी जी लीग सोडली, त्या लीगमध्ये हा आणखी दोन वर्षं मोठ्या माणसांशी खेळला. त्याच्या तुटक रेषा किती लांब निघतात ते मला बघायचंय. ज्यांच्याकडे आयरिश लीगच्या सामन्यांचं पूर्ण चित्रण आहे त्यांनी सांगा. संक्षिप्त व्हिडिओत गोलच्या आधीचे दोन सेकंद हमखास कापलेले असतात.