फेल्ट कुठे ताठ, कुठे मऊ : एका हॅटचा अनुभव

फेल्टची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या केसांच्या चादरीची, हॅट हाताने केली असं सांगितलं की लोक आधी ज्यावर तिला आकार देतात त्या ठोकळ्याबद्दल विचारतात. आकार कुठला, लाकूड कुठलं, क्राऊन, म्हणजे डोकं झाकणारा वरचा भाग, किती उंच घेतला. माझं मत विचाराल तर हॅट जमणार की फसणार हे त्याच्या आधीच ठरतं, फेल्टला ताठपणा देणारा द्राव कुठे किती पाजायचा हे ठरवताना. काकांसाठी राखाडी हॅट करताना तर ते फारच जाणवलं, कारण त्यांची अटच तशी होती. ब्रिम, म्हणजे भोवतालची कड, वाऱ्यात लवायला नको, आणि क्राऊन डोक्यावर मडकं उपडं घातल्यासारखा लागायला नको. म्हणजे एकाच फेल्टच्या तुकड्यात दोन वेगवेगळे स्वभाव हवे होते.

फेल्ट सशाच्या केसांचं घेतलं. लोकरीचं फेल्ट जाड असतं, स्वस्त असतं आणि हट्टी असतं. ओढलं की थोडा वेळ ऐकतं आणि वाळताना पुन्हा मागे सरकतं. सशाच्या केसांचं फेल्ट पातळ असूनही घट्ट असतं आणि दिलेला आकार धरून ठेवतं. कोणत्याही फेल्टमध्ये ताणा-बाणा नसतो. केसावरचे बारीक खवले गरम पाण्यात, दाबाने आणि चोळण्याने एकमेकांत अडकत जातात आणि त्याचीच चादर होते. म्हणून ते कापलं तरी दोरे सुटत नाहीत, आणि म्हणूनच ते कुठल्याही बाजूला ताणता येतं. हॅट करणाऱ्याची सगळी मदार याच दोन गुणांवर.

बाजारात ते तयार घडवलेल्या रूपात येतं. अरुंद ब्रिमसाठी कोन, म्हणजे शंकूसारखं रूप, आणि रुंद ब्रिमसाठी कॅपेलिन, म्हणजे ज्याला आधीच थोडी पसरट कड काढलेली असते ते. मला साडेसहा सेंटिमीटरची ब्रिम हवी होती, त्यामुळे कॅपेलिन घेतलं. हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे आत हात घालून ते दिव्यासमोर धरायचं आणि फिरवत बघायचं. जिथे प्रकाश जास्त झिरपतो तिथे फेल्ट पातळ. असा भाग मी मागच्या बाजूला जाऊ देते, कारण पुढच्या बाजूला क्राऊन चिमटला जातो आणि सगळा ताण तिथे येतो.

एक जुनी गोष्ट इथे सांगायलाच हवी. सशाचे केस आपणहून फारसे एकमेकांत गुंतत नाहीत, म्हणून पूर्वी त्यांवर पाऱ्याच्या नायट्रेटचा हात फिरवत. त्याने केसांची टोकं नारिंगी होत. त्याच्या वाफा वर्षानुवर्षं छातीत घेऊन कारागिरांचे हात थरथरायला लागत, बोलणं अडखळे, स्वभाव बदले. अमेरिकेत कनेक्टिकटमधलं डॅनबरी हे हॅटचं गाव, आणि तिथल्या या थरथरीला गावाचंच नाव पडलं होतं. अमेरिकेतल्या हॅटच्या धंद्यातून पारा बाहेर पडला तो १९४१ साली. त्यामुळे कुणाच्या माळ्यावर जुन्या काळातली फेल्ट हॅट सापडली, तर ती वाफेवर धरून आकार देण्याचा मोह टाळलेला बरा.

आता ताठपणाकडे. पर्याय बरेच आहेत. जिलेटिन लावता येतं, पण ओलं झालं की ते सुटतं. पाण्यातले तयार द्राव मिळतात. त्यांना वास नाही, आगीची भीती नाही, पण त्यांनी फेल्ट चांगलंच भिजतं आणि वाळताना आक्रसतं. उग्र थिनरमधले लॅकर मी घरात उघडतसुद्धा नाही. माझी पसंती चपडीला. लाखेच्या किड्यांनी पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर सोडलेला हा राळेसारखा पदार्थ, तोच जो सुतार पॉलिशला वापरतात. हॅटच्या धंद्यात त्याचा इतिहास मोठा आहे. १८४९ साली लंडनमध्ये निघालेली गोल माथ्याची बोलर हॅट जी टणक होती ती चपडीच्या जोरावर. रेशमी टॉप हॅटच्या आतलं कवचसुद्धा चपडी पाजलेल्या कापडाचंच असे.

चपडी मला आवडते त्याचं खरं कारण वेगळं आहे. ती साधारण ७५ अंशांच्या आसपास मऊ होते आणि थंड झाली की पुन्हा कडक होते. म्हणजे एकदा पाजली म्हणून आकार कायमचा बांधला गेला असं होत नाही. वाफ दिली की फेल्ट पुन्हा हाताला वश होतं, वाफ काढून घेतली की आहे तिथेच थांबतं. हॅट घडवणं ज्याला म्हणतात ते निम्मं या एका गुणावर चालतं.

द्राव करताना मेण काढलेल्या चपडीचे पापुद्रे घेतले. मेणासकट असलेली चपडी गढूळ होते आणि फिकट फेल्टवर ढग उमटवते. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये ते रात्रभर भिजवले, मधूनमधून बाटली हलवत. माझं प्रमाण एका लिटरला साधारण १०० ग्रॅम, म्हणजे सुताराच्या पॉलिशपेक्षा खूपच पातळ. मग फडक्यातून गाळून घेतलं. ज्यांना स्पिरिट नको ते बोरॅक्स (टाकणखार) किंवा अमोनिया घातलेल्या गरम पाण्यात चपडी विरघळवतात. साध्या पाण्यात ती विरघळत नाही, पाणी अल्कधर्मी लागतं. त्यात अमोनियाचा द्राव जास्त बरा, कारण अमोनिया उडून जातो आणि मागे उरलेली चपडी पाण्याला दाद देत नाही. बोरॅक्स मात्र फेल्टमध्येच राहतो. मी स्पिरिटवरच थांबले, कारण ते लवकर उडतं आणि फेल्ट आक्रसत नाही. फक्त खिडक्या उघड्या, आणि त्या खोलीत किटली, गॅस, उदबत्ती काहीही पेटतं नको. वाफेचं काम आणि स्पिरिटचं काम मी कधीच एका बैठकीत करत नाही.

द्राव नेहमी आतल्या बाजूने. कॅपेलिन उलटं केलं, रुंद मऊ ब्रशने पातळ हात दिला आणि लगेच बोटांनी चोळला. चोळणं महत्त्वाचं. चपडी वर बसून राहिली तर तिचा कवच होतो, वाकवलं की तडकतो आणि चकाकतो. फेल्टच्या पोटात शिरली तर ती केसाला केस धरून ठेवते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कळण्याची खूण सोपी आहे. लावल्यावर बाहेरच्या बाजूने हात फिरवायचा. गारवा लागला पाहिजे, ओल लागता कामा नये. ओल लागली म्हणजे द्राव आरपार आला.

क्राऊनला एकच हात, तोही अर्धा पिळलेल्या ब्रशने. ब्रिमलाही या टप्प्याला तेवढंच. ब्रिमचा खरा खुराक मी नंतरसाठी ठेवते, कारण आत्ताच ताठ केली तर क्राऊन ओढताना तिच्या कडेला घड्या पडतात आणि त्या चपडीत गोठून बसतात. कारखान्यांत सगळी चपडी आधीच पाजतात, पण तिथे ओढायला यंत्रं असतात. दोन हातांच्या जोरावर काम करायचं तर हप्त्याहप्त्याने दिलेलं बरं.

हवेत दमटपणा होता, त्यामुळे वाळताना काही ठिकाणी पांढुरकी झाक आली. स्पिरिट भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि चपडी दुधाळ दिसते. घाबरायचं कारण नाही. स्वच्छ फडकं स्पिरिटमध्ये बुडवून, पिळून हलकेच फिरवलं की चपडी पुन्हा विरघळते आणि पारदर्शक होऊन बसते.

ठोकळ्याचं माप घेताना काकांच्या डोक्याने वेळ खाल्ला. घेर ५७ सेंटिमीटर, पण डोकं लांबट. गोलसर ठोकळ्यावर केलेली हॅट अशा डोक्याला कपाळावर आणि मागे रुतते आणि कानांच्या वर मोकळी राहते. लोक मग म्हणतात हॅट लहान झाली, आणि एक माप मोठं घेतात. ती लगेच उडते. मी लांबट ठोकळा घेतला आणि आतल्या चामडी पट्ट्यासाठी साधारण एक सेंटिमीटर जास्त धरला. ठोकळ्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा ताणून बसवला. तो नसेल तर चपडी लाकडाला धरते आणि मग हॅट आणि ठोकळा एकमेकांना सोडत नाहीत.

वाफेला घाई करून चालत नाही. किटलीच्या तोंडावर कॅपेलिन आतून धरून फिरवत राहायचं, टोकापासून खालपर्यंत. आधी ते नुसतं ओलसर होतं आणि त्यात जीव आल्यासारखं वाटत नाही. मग एका क्षणी हातातलं वजन बदलतं. चपडी सुटते, फेल्ट सैल पडतं, बोटाने ढकललं तर परत येत नाही. तेव्हाच ठोकळ्यावर घालायचं. जाड हातमोजे हवेत, कारण वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट.

ओढायचा क्रम ठरलेला: पुढून-मागून एकदम, मग दोन्ही बाजूंनी एकदम, मग तिरक्या दिशांनी. एका बाजूने ओढून घेतलं की टोक सरकतं, आणि क्राऊन एका खांद्यावर पडल्यासारखा दिसतो. माथा लाकडाला टेकला की क्राऊन जिथे संपतो त्या रेषेवर दोरी बांधायची. हा सगळ्यात नाजूक भाग. दोरी सरकगाठीने घट्ट केली आणि लाकडी दाबणीने तिला थोडं थोडं खाली रेटत गेले, गोल फिरत, परत वाफ देत. दोरीखाली बारीक चुण्या जमतात. त्या बोटाने खेचून ब्रिमकडे काढून द्यायच्या, क्राऊनमध्ये ठेवायच्या नाहीत. ब्रिममध्ये गेलेली चुणी इस्त्रीखाली जाते, क्राऊनमधली आयुष्यभर दिसते.

मग वाट बघणं. पूर्ण वाळेपर्यंत ठोकळ्यावरून काढायचं नाही. बाहेरून कोरडं लागलं तरी दोरीच्या रेषेपाशी ओल धरलेली असते, आणि अर्धवट ओलं काढलं तर घेर आक्रसतो. केस सुकवायच्या यंत्राने घाई केली तरी तेच होतं.

काढल्यावर ब्रिमची पाळी. आता खालच्या बाजूने चपडीचे दोन हात, मध्ये वाळायला पूर्ण वेळ देऊन. बाहेरच्या अर्ध्या भागाला जास्त, क्राऊनकडे येताना कमी, म्हणजे तिथे थोडी लवचीकता राहते आणि हॅट डोक्यावर बसताना कपाळाशी जुळवून घेते. वाळल्यावर ओलं सुती कापड घालून गरम इस्त्री ठेवायची. ठेवायची, घासायची नाही. उष्णता चपडीला खोलवर नेते आणि दाबाने फेल्ट सपाट होतं. इस्त्री उचलली की त्यावर वाळूची पिशवी, गार होईपर्यंत. थंड होतानाचा दाब हाच खरा आकार देणारा. मग क्राऊनच्या रेषेपासून साडेसहा सेंटिमीटरवर खूण करत गोल फिरले आणि धारदार कात्रीने कापली. चांगली झालेली ब्रिम बोटांत धरून थोडी लवू दिली की सावकाश परत येते. टणकन उडाली तर चपडी जास्त झाली.

या टप्प्यावर काकांना बोलावून घेतलं. आरशासमोर उभे राहून म्हणाले, "अगं, ही तर अजून टोपलीच दिसते." बरोबरच होतं, माथा गोल होता. त्यांच्या डोक्यावरून काढून माथ्याला वाफ दिली, मुठीच्या कडेने मधोमध खळगा दाबला, पुढे दोन बाजूंनी चिमटा घेतला आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवला. क्राऊनला चपडी कमी असल्याचा फायदा इथे मिळतो. चिमटा बोटांच्या मापाचा येतो, ठोकळ्याच्या मापाचा नाही. पुन्हा घातल्यावर त्यांनी पुढची ब्रिम स्वतःच्या हाताने खाली वाकवली. "चालेल ना गं असं?" मी म्हटलं, "काका, तुमची हॅट, तुमचा कोन." वाफ देऊन तो तिथेच बसवला.

बाकीचं काम लवकर उरकतं. बारीक पॉलिशपेपरने पृष्ठभाग घासून केस एकसारखे केले, मग ब्रशने घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने. हॅटवाल्यांचा तो रिवाजच आहे. चामडी पट्टा आतून शिवला. बाहेरच्या पीटरशॅम, म्हणजे उभ्या रेघांच्या जाडसर, रिबनला इस्त्रीखाली वळण देऊन मग टाके घातले; सरळ रिबन क्राऊनच्या उतारावर बसत नाही, खालची कड सुटून राहते.

काकांना दोन गोष्टी मात्र बजावून सांगितल्या. उन्हात बंद केलेल्या गाडीत हॅट विसरायची नाही. तिथल्या गरमीत चपडी सैल पडते आणि ब्रिम आपला आकार सोडते. आणि पावसात भिजली तर चामडी पट्टा बाहेर उलटवून, हॅट त्या पट्ट्यावर उभी करून सावलीत वाळू द्यायची, शेगडीजवळ किंवा उन्हात नाही. एरवी ठेवताना माथ्यावर उलटी ठेवायची, म्हणजे ब्रिमवर भार येत नाही. एवढं करूनही ब्रिम कुठे लवलीच, तर घेऊन यायची. किटली चढवायचा अवकाश.