असू दे

रविवार, रात्र

कुत्रा चावला त्याचं, रेबीजचं तिसरं इंजेक्शन आज झालं. ०, ३, ७ हे दिवस झाले, १४ आणि २८ बाकी. दंड ठणकतोय. पोटरीवरचे दातांचे व्रण मात्र सुकत आलेत. चार खुणा, दोन खोल, दोन वरवरच्या. आंघोळीला बसलं की नजर तिकडेच जाते.

दातांचं काही नाही. "असू दे हो" म्हणाले ना मी, ते घशाखाली उतरत नाहीये.

रक्त चपलेत उतरत होतं, कोथिंबीर पार्किंगभर सांडलेली. ज्यांचा तो ब्रूनो, ते काका म्हणत होते, "वहिनी, तो काही करत नाही हो, खेळायला आला." आणि मी म्हणाले, असू दे. मनीने नळाखाली पाय धरून पंधरा मिनिटं साबणाने जखम धुतली, रडत रडत. तिलाही तेच म्हणाले. दवाखान्यात जखमेच्या आत-बाजूला रेबीजविरोधी सीरम टोचलं तेव्हा मात्र मी केवढ्याने ओरडले.

डॉक्टर बाई म्हणाल्या, पाळीव आहे ना, मग दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा आणि लसीचं कार्ड मागून घ्या. लक्ष ठेवतेय. रोज सकाळी खिडकीतून बघते, ब्रूनो पाणी पितो का, नीट चालतो का. कार्ड नाही मागितलं. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. ह्यांचं म्हणणं वेगळंच, ते जाऊ दे.

आज दवाखान्यातून येताना फाटकापाशी पुन्हा तेच. पट्टा काकांच्या मनगटाला गुंडाळलेला आणि ब्रूनो मोकळा. समोरून छोटी चिमी सायकलवर. माझे पायच हलेनात. तो तिला हुंगून निघून गेला. काका हसून म्हणाले, "बघा, काही करतो का?"

तेव्हाही मी गप्प. माझ्याच पायाला पट्टी, आणि अवघडल्यासारखं मलाच का व्हावं?

ब्रूनोचा राग नाही. त्या दिवशी मागे स्कूटरचा हॉर्न वाजला आणि तो बिचकला. मुक्या जनावराने पट्टा स्वतःहून थोडाच घालायचा! मनीने भारतीय न्याय संहितेचं २९१ कलम वाचून दाखवलं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये एवढी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला कुणाला कैदेत घालायचं नाहीये. ह्यांची तब्येत बिघडली त्या रात्री दोन वाजता गाडी काकांनीच काढली होती. म्हणूनच का तोंड उघडत नाही माझं? पण ते उपकार माझ्यावर आहेत. चिमीने ते का फेडायचे?

दारात उभं राहून बोलणं काही मला जमायचं नाही. या वयात स्वभाव कुठे बदलतो. लिहिता येतं, तेवढं करावं.

लिहिलं. "काका, ब्रूनोच्या लसीच्या कार्डाचा फोटो उद्या पाठवा. आणि खाली आणताना पट्टा त्याच्या गळ्यात हवा, दुसरं टोक तुमच्या हातात." वर "राग मानू नका" असं लिहिलं होतं, ते खोडलं. मग खोडलेलं दिसायला नको म्हणून नवा कागद घेतला.

सकाळी दूध आणायला उतरले की दाराखालून सरकवेन.