सौंदत्ती-रामदुर्ग, दोन दिवस: नकाशातली खोटी घडी

बेळगावहून पूर्वेला निघालं की आधी काळा बसाल्ट आणि तांबडा जांभा. सौंदत्तीकडे ते मागे पडतात आणि क्वार्टझाइटच्या, म्हणजे वाळूच्या खडकापासून बनलेल्या टणक दगडाच्या, लांबलचक कडा सुरू होतात. हे कलादगी गावावरून नाव पडलेले खडक. हो, चिकू-डाळिंबांचं तेच कलादगी. दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवर भूवैज्ञानिक ब्रूस फूटचा ग्रंथ निघाला १८७६ साली. आमच्याकडे थरांचा उतार मोजायचं क्लिनोमीटर, वही आणि भाकरीचं गाठोडं.

पहिला दिवस नविलतीर्थला. मलप्रभेने कड चिरली आहे, थर उघडे पडलेत. मी भराभर नती, म्हणजे थर कुठे आणि किती कलले आहेत ते, घेत सुटलो. दुपारी एका उतारावर आकडे एकदम उलटे यायला लागले. अपनती, म्हणजे कमानीसारखी वर वाकलेली थरांची घडी, सापडली! लॉजवर नकाशात पेन्सिलने घडीचा आस ओढूनही झाला.

सकाळी मित्राने मला त्याच दगडापाशी नेऊन बसवलं. वीतभर जाड थरात बारीक तिरक्या रेषा, वरून सपाट छाटलेल्या, खाली अलगद वळून टेकलेल्या. पाण्याने वाळू ढकलत नेली, तिच्या उताराच्या या रेषा. थर सोडून मी त्यांचीच नती मोजत बसलो होतो! घडी खोडली. रेषांचा उपयोग मात्र होतो: छाटलेली बाजू मूळची वरची, त्यामुळे थर उलटला असेल तर कळतं.

रामदुर्गकडे बदामी नावाच्या खडकगटाचा वालुकाश्म (वाळूचा खडक) जवळजवळ आडवा पडलेला आहे. त्याखालचे जुने खडक कललेले. तिथे दोन्हींची नती वेगवेगळी लिहा, सरासरी काढू नका. लोकापूरच्या बाजूला चुनखडक आणि त्याचाच मॅग्नेशियमवाला भाऊ डोलोमाइट. सौम्य आम्लाचा थेंब चुनखडकावर लगेच फसफसतो. डोलोमाइटची आधी खरवडून भुकटी करावी लागते, तेव्हा तो फसफसतो.

जायचं तर डिसेंबर-जानेवारीत, पण पौर्णिमा टाळून. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेच्या गर्दीत बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही. मोबाइलच्या कव्हरला चुंबक असेल तर तो होकायंत्रापासून लांब ठेवा. क्वार्टझाइट फोडताना चष्मा हवाच, कपच्या डोळ्यात उडतात. नविलतीर्थच्या धरणाजवळ विचारल्याशिवाय पिशवीतून काहीही बाहेर काढू नका.

शेतात शिरताना मालकाला हाक मारावी. एका आजोबांनी विचारलं, “बंगार ऐतेन्री?” सोनं नाही, नुसता दगड, म्हटल्यावर हसले आणि आम्हाला परसात घेऊन गेले. धुणं धुवायच्या फरशीवर पाण्याच्या लाटांच्या खुणा होत्या, शंभर कोटी वर्षं तरी जुन्या. कपडे त्यावर छान निघतात, असं आजी म्हणाल्या.