तेरा बोगदे

स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या सॉयेर गावात, भर दुपारी चौकातल्या एका टेबलाशी संत्र्याचा रस घेऊन बसले होते. घंटा वाजली आणि हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून ट्राम आली. वेटरने वळूनही न बघता मधे आलेली खुर्ची पायानेच आत सरकवली आणि ट्राम गेल्यावर पायानेच पुन्हा बाहेर ओढली. हातातल्या ट्रेमधला एक ग्लाससुद्धा हलला नाही. शेजारी सांत बार्तोमेउचं चर्च, त्याची दर्शनी बाजू वास्तुकार गौदीच्या शिष्याने रचलेली. बघायला हवी होती म्हणे. मी खुर्ची बघत होते.

इथे येणारे यादी घेऊनच येतात. बंदरावरचं दीपगृह, त्रामुन्ताना डोंगरातल्या पायवाटा, मासळी. माझं गाडं गाडीपाशीच अडतं. बेटाची राजधानी पाल्मा, तिथून डोंगराच्या पोटातून इथे येणारी लाकडी आगगाडी १९१२ची, गावातून बंदराकडे जाणारी ट्राम १९१३ची. २७ किलोमीटरला तासभर, आणि वाटेत तेरा बोगदे. बोगदे मोजायची खोड लहानपणची. गप्पा मारणारं कुणी शेजारी असलं की मला वैताग येतो.

खोड लागली ती माथेरानच्या गाडीत. नेरळ सुटलं की मावशी चिक्की फोडायची आणि आम्ही भावंडं खिडकीसाठी भांडायचो. एवढ्या घाटात बोगदा एकच, आणि त्याचं नाव ‘वन किस टनेल’. असं का म्हणतात, हे मी भरल्या डब्यात खणखणीत आवाजात विचारलं. काका बाहेर माकडं शोधायला लागले. मावशीने माझ्या तोंडात चिक्कीचा एवढा मोठा तुकडा कोंबला की बोगदा संपला तरी तो संपेना. सॉयेरच्या वाटेवरचा सर्वांत मोठा बोगदा पावणेतीन किलोमीटरहून लांब आहे. मावशीने काय केलं असतं कोण जाणे.

या डोंगराने पाल्मा दूर ठेवलं आणि समुद्राने फ्रान्स जवळ आणलं. इथली संत्री बोटीने तिकडे जायची. मागोमाग माणसंही गेली, व्यापारात पैसा करून परतली आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या हौसेने गावात घरं बांधून बसली. त्यांच्या कोरीव दारांपुढून चालताना मान दुखते. स्टेशनातच पिकासोची मातीची भांडी आणि मिरोची चित्रं मांडली आहेत, तीही फुकट. मिरोचं आजोळ याच बेटावरचं. गाडी सुटायच्या धाकात चित्रं बघायची ही सोय मला फार आवडली. संग्रहालयात माझे पाय लगेच दुखतात, इथे निमित्त तयार असतं.

डोंगरातून मोटारींचा बोगदा १९९७ साली झाला, तेव्हापासून घाईचा माणूस आगगाडीत बसत नाही. बसतो तो माझ्यासारखा. ट्राममध्ये आम्ही पाहुणे इतके कोंबलेलो होतो की भाजीची पिशवी घेतलेल्या एका आजींना दांडीला धरून उभं राहावं लागलं. मी उठू लागले तर त्यांनी हातानेच बस म्हटलं. २०२४च्या उन्हाळ्यात पाल्माच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले होते. पर्यटकांपायी घरभाडी परवडत नाहीत, हे त्यांचं गाऱ्हाणं. त्यात खोटं काही नाही.

तरी मी पुन्हा जाईन. फक्त जुलैत नाही.