लंडनच्या टेबलावर असईची लढाई

कस्टम हाउस स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच एक्सेल हे अवाढव्य प्रदर्शन केंद्र लागतं. एप्रिलमधल्या एका शनिवारी तिथे ‘सॅल्यूट’ भरतं. ‘साउथ लंडन वॉरलॉर्ड्स’ या हौशी क्लबने १९७२ साली सुरू केलेला हा युद्धखेळांचा मेळा आहे. टेबलावर डोंगर-नद्या उभारायच्या, हाताने रंगवलेले सैनिक मांडायचे आणि टेप व फासे घेऊन लढायचं. चाल इंचांत मोजतात. गोळी लागली की नाही ते फासे ठरवतात, आणि पलटणीचं फार नुकसान झालं की ती टिकते की पळते, यासाठी पुन्हा फासे.

बहुतेक सैनिक २८ मिलिमीटरचे. एवढ्याशा चेहऱ्यावर लोक बुबुळंसुद्धा रंगवतात! ६ मिलिमीटरचेही असतात, ते हजारोंनी मांडले की फौजेचा खरा पसारा दिसतो. स्टॉल पुष्कळ होते, पण माझा दिवस एका टेबलापाशीच गेला.

त्यावर असई होती. आपल्या जालना जिल्ह्यातली, २३ सप्टेंबर १८०३ ची. एका बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, दुसऱ्या बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले. शाळेत ही लढाई पराभवाच्या एका ओळीत संपते. इथे केळना आणि जुई या नद्यांमधली चिंचोळी पट्टी डोळ्यांसमोर होती, आणि त्या पट्टीत काय घडलं ते पहिल्यांदा नीट कळलं. वाटाडे नदी ओलांडायला उतार नाही म्हणत होते, पण केळनेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, म्हणजे मध्ये उतार असणारच, असं वेलस्लीने ताडलं. तो बाजूने नदी उतरून आला. मग शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन याने सगळी फळी काटकोनात फिरवली, तीही शत्रू अंगावर येत असताना. मी पोलमनच्या बाजूने खेळलो. ती फळी फिरवताना तोफा, बैल, पलटणी यांचा जो गुंता होतो, तो हाताने सोडवल्यावर त्या शिपायांच्या कवायतीबद्दल मनापासून आदर वाटला. असई गावाजवळ सरकलेल्या ७४ व्या हायलँडर पलटणीची आमच्या तोफांनी दाणादाण उडवली, खऱ्या लढाईतही तेच झालं होतं. वेलस्लीचे दीड हजारांहून जास्त लोक त्या दिवशी मेले किंवा जखमी झाले. आपले गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, हे तर इंग्रजांनीच लिहून ठेवलंय.

केळनेकडची बाजू मात्र आमच्याकडून सुटली आणि डाव गेला.

टेबल मांडणारे गृहस्थ निवृत्त होते, फार आपुलकीने बोलत होते. त्यांनी जमिनीवर सगळीकडे वाळकं पिवळं गवत चिकटवलं होतं. मी म्हणालो, “सप्टेंबर अखेरीला तिकडे असं नसतं. पाऊस सरत आलेला असतो, रान हिरवं, बाजरी कणसाला आलेली आणि माती काळी.” त्यांनी लगेच वही काढली. बाजरी किती उंच वाढते, चिखलात तोफेची चाकं किती रुततात, नदीकाठी झाडं कुठली, एकेक विचारत लिहून घेतलं. बाभळी त्यांना वेगळ्या बनवाव्या लागणार होत्या. पुढच्या पावसाळ्यात मी असईला जाऊन दोन्ही नद्यांचे फोटो त्यांना पाठवायचे, असं ठरलंय.