सीआय लाल, पण माझ्याकडे तर पास होतंय

ओपन सोर्समधे नवीन आलेल्या पोरांना सगळे सांगतात, आधी डॉक्युमेंटेशनमधली स्पेलिंगं सुधारा. मी म्हणतो ते राहू दे, सीआयवर (कोड पाठवला की सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासण्या) लाल पडणारी, म्हणजे फेल होणारी, एखादी टेस्ट धरा आणि ती का पडते ते खणून काढा. त्या नादात निम्मा कोडबेस वाचून होतो, आणि प्रोजेक्ट सांभाळणारा मेंटेनर तुमचा पुढचा पीआर (आपला बदल घ्या अशी विनंती) जरा लवकर उघडतो.

यंदा चवथीला गोव्यात माशेलला घरी जमलो होतो, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधून झाली आणि मावसभाऊ लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसला. फर्मागुढीला इंजिनिअरिंग करतो. "दादा, मी फक्त एका फंक्शनचं नाव बदललं रे, आणि भलतीच टेस्ट फेल!" लायब्ररी छोटीशी, पायथनमधली, सणवारांच्या तारखा काढणारी. त्याच्या मशीनवर सगळं हिरवं, गिटहबच्या सीआयवर लाल, आणि मेंटेनरने सकाळी तोच रन परत चालवला तर तोही हिरवा. मग काय, 'फ्लेकी आहे, सोडून दे' लिहून मोकळा. फ्लेकी म्हणजे कोड तोच, पण टेस्ट कधी पास, कधी फेल.

मला हे 'सोडून दे' अजिबात पटत नाही. गूगलने 2016 मधे लिहिलं होतं की त्यांच्या जवळजवळ 16 टक्के टेस्टमधे थोडाफार फ्लेकीपणा आहे, म्हणजे आजार मोठ्यांनाही आहे, कबूल. पण री-रनचं बटण दाबायची एकदा सवय लागली की खरा बग आला तरी लोक तेच बटण दाबतात.

तर लॉग उघडला. अपेक्षित तारीख आणि आलेली तारीख, फरक बरोब्बर एका दिवसाचा. असा फरक दिसला की पहिला संशय टाइमझोनवर. मग जुने रन चाळले तर पडलेले सगळे आपल्याकडच्या मध्यरात्रीनंतरचे, कारण हा पोरगा जेवून-बिवून सगळं आटपलं की कोड लिहायला बसणार, आणि मेंटेनर बघणार सकाळी ऑफिसला जाण्याआधी. गिटहबचे रनर, म्हणजे टेस्ट चालवणारी मशीनं, युटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) चालतात, आपण साडेपाच तास पुढे. टेस्ट 'डेट डॉट टुडे' विचारत होती, म्हणजे मशीनची तारीख, आणि लायब्ररी 'एशिया कोलकाता' धरून हिशेब करत होती. रात्री 12 ते पहाटे 5:30 इकडे आज उजाडलेला असतो आणि रनरवर अजून कालच चालू. त्याच्या लॅपटॉपवर दोन्ही घड्याळं भारतातलीच, मग तिथे फेल होणार तरी कशी?

दुरुस्त करायच्या आधी ती आपल्या हाताने पाडता आली पाहिजे, यावर मी अडून बसतो. फ्रीझगन (टेस्टपुरतं घड्याळ थांबवणारी पायथन लायब्ररी) लावून घड्याळ युटीसी 18:45 वर गोठवलं, आणि भर दुपारी लॅपटॉपवर टेस्ट लाल! पोरगं असं खूश झालं जसं काही पास झालीय. मग फंक्शनला 'आत्ताची वेळ' बाहेरून देता येईल असं केलं, आणि दोन टेस्ट लिहिल्या, एक 18:15 ची, एक 18:45 ची, म्हणजे आपली रात्री 11:45 आणि 12:15. आता टेस्ट खऱ्या घड्याळाकडे बघतच नाही, कधीही चालवा.

बाकीचे नेहमीचे गुन्हेगार पटकन सांगतो. सेटची (ज्याला ठरलेला क्रम नसतो) लिस्ट करून क्रम तपासणारी टेस्ट: पायथन 3.3 पासून स्ट्रिंगचं हॅश (त्यावरून सेटमधली जागा ठरते) दर रनला बदलतं, सॉर्ट करा नाहीतर सेटच तपासा. कोणी काही बदललं नाही तरी सोमवारी सगळं लाल: मग रनरच्या 'उबुंटू लेटेस्ट' या नावाखालची सिस्टम इमेज बदलली का, एखाद्या डिपेंडन्सीची (आपला कोड वापरतो ती लायब्ररी) नवी व्हर्जन आली का ते बघा, कालचा हिरवा आणि आजचा लाल लॉग शेजारी ठेवून इन्स्टॉलवाल्या ओळी ताडून बघितल्या की बहुतेक वेळा सापडतं. पायथन 3.12 ने डिस्टयुटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) काढून टाकलं तेव्हाही असेच कितीतरी प्रोजेक्ट बसले. आणि टेस्ट स्किप करून टाकणं, हे तर नकोच! दुसऱ्याच्या लायब्ररीतला बग असेल तर एक्सफेल ('ही फेल होणार हे माहीत आहे' अशी खूण) लावा, कारण लिहा, स्ट्रिक्ट ठेवा, म्हणजे तिकडे बग सुटला की इकडे टेस्ट स्वतःच ओरडते.

भावाला एवढंच सांगितलं की नाव बदलायचा पीआर वेगळा आणि हा वेगळा, आणि वर्णनात 'टेस्ट फिक्स केली' असं लिहू नकोस, ती कुठल्या वेळेत पडते आणि हाताने कशी पाडायची ते लिही. मेंटेनरला स्वतः पाडून बघता आली की तो वाद घालत बसत नाही.