मुलांना मैदानावर पाठवू नका

मी लालबाग-परळ भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि नववीच्या तुकड्यांना आठवड्यातून एक तास जीवनकौशल्यांचा असतो तोही माझ्याकडे आहे. वयात येणं, मैत्री, मोबाईल, व्यसनं, राग आला तर काय करायचं, समोरच्याने नाही म्हटलं तर ते कसं ऐकायचं, सगळं त्यातच. पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली पाच हजेरीत जातात. हे लिहितेय ते मागच्या पावसाळ्यातल्या एका बुधवारबद्दल. मुलाच्या आईला विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

माझी एक प्रश्नपेटी आहे, बुटांचा खोका, वर चीर पाडलेली. सगळ्यांना सारख्याच आकाराचे कागद मी देते आणि चिठ्ठी प्रत्येकाने टाकायचीच, प्रश्न नसेल तर फूल काढा, "काही नाही" लिहा, पण टाका. म्हणजे शेजारी बसलेल्याला पण कळत नाही कोणी खरंच काही विचारलंय. उत्तरं पुढच्या बुधवारी. येणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात, दाढी केली की केस जाड येतात का (नाही येत, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला तसं लागतं), पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच खराब होतं का, पाळी कधी महिन्याने कधी दीड महिन्याने येते तर काही आजार आहे का (पहिली दोनेक वर्षं असं होऊ शकतं, पण तीन महिने आलीच नाही तर डॉक्टरांना दाखवायचं), उंची कशी वाढवायची, तिने इन्स्टावर ब्लॉक केलं तर दुसऱ्या अकाऊंटवरून मेसेज केला तर चालेल का. ह्या शेवटच्या प्रश्नावर मी एकदा पूर्ण तास घेतलाय आणि परत घ्यायची वेळ आली तर परत घेईन.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चिठ्ठ्या उघडत होते. एक पेन्सिलने लिहिलेली निघाली, दोनदा खोडून परत लिहिलेली. "मुलाच्या छातीत गाठ आली आणि ती दुखते तर तो मुलगी होणार का. ऑपरेशनला पन्नास हजार लागतात का. ईएमआयवर होतं का."

वाचून पोटात कालवलं. चौदा वर्षांचं पोर स्वतःच्या शरीराला घाबरून हप्त्यांचा हिशोब करतंय आणि घरात, शाळेत, कोणालाच पत्ता नाही. अक्षर मला ओळखता आलं असतं, त्या वर्गाच्या प्रयोगवह्या माझ्याच टेबलावर पडल्या होत्या. नाही ओळखलं. मुलं पेटीत खरं लिहितात ती ह्याच भरवशावर, त्यामुळे चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली. पण पुढच्या बुधवारपर्यंत त्या मुलाला ह्याच भीतीत ठेवायचं हे मला पटेना, म्हणून इतिहासाच्या सरांना गाठलं आणि शेवटचा तास मागितला. त्यांनी का म्हणून विचारलं पण नाही, घ्या बाई म्हणाले.

वर्गात चिठ्ठी वाचून दाखवली नाही, विषयाचं नाव पण सुरुवातीला घेतलं नाही. वयात येताना मुलग्यांमध्ये काय काय होतं ते तुम्हीच सांगा म्हटलं आणि फळ्यावर लिहीत गेले. आवाज फुटतो, मिसरूड फुटते, पिंपल येतात, घामाला वास येतो. मग मीच सांगितलं की झोपेत वीर्य बाहेर येतं, तो आजार नाही, त्याने कमजोरी येत नाही, स्टेशनबाहेर भिंतीवर त्याच्या जाहिराती लावणाऱ्यांकडे अजिबात जायचं नाही. आणि ह्याच यादीत पुढची ओळ लिहिली, "छातीला सूज येते".

मागच्या बाकांवर हसू फुटलं. एकाने कोणाचं तरी टोपणनाव घेतलं आणि चारपाच माना एका बाजूला वळल्या. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही, खडू हातात होता तो तसाच ठेवून बोलत राहिले. मुलग्यांच्या शरीरात पण इस्ट्रोजेन हे 'मुलींचं' म्हटलं जाणारं हार्मोन असतं, मुलींच्या शरीरात पण टेस्टोस्टेरॉन हे 'मुलग्यांचं' हार्मोन असतं, फक्त प्रमाण वेगळं. वयात येताना मुलग्यांमध्ये ह्या दोघांचं प्रमाण काही काळ पुढेमागे होतं आणि त्यामुळे स्तनाग्राच्या खाली बटणाएवढी गाठ येते, कधी एका बाजूला कधी दोन्हीकडे, दाबलं की दुखते. साधारण तेरा-चौदाव्या वर्षी जास्त दिसतं. जवळपास निम्म्या मुलग्यांना थोडंफार होतं. म्हणजे ह्या वर्गात जेवढे मुलगे बसलेत त्यातल्या निम्म्यांना झालेलं असू शकतं, होत असेल, नाहीतर होईल. बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातं. त्याने मुलगा मुलगी होत नाही. ऑपरेशन ह्या वयात सहसा लागतच नाही.

मग कबड्डीच्या टीममधला एक मुलगा, वर्गात सगळ्यात आडदांड, ज्याला कोणी काही बोलायची हिंमत करत नाही, तो बसल्या जागेवरूनच म्हणाला, "बाई, मला पण आलेली. सातवीत. शर्ट घासला तरी दुखायचं. गेली."

मला ह्याची अजिबात अपेक्षा नव्हती. कोणी हसलं नाही. दुसरा एक म्हणाला, मला एकाच साईडला आहे, मग तिसऱ्याने विचारलं की दाबून दाबून वाढते का. (सारखी दाबत राहू नये, दुखणं वाढतं, कमी होत नाही.) वर्षानुवर्षं मी मुलींचे चेहरे बघितलेत, पाळीबद्दल नीट कळलं की कसे सैल होतात ते. मुलांचे तसे चेहरे त्या दिवशी बघितले आणि ह्यांना आपण काहीच सांगत नाही हे तेव्हा फार लागलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, लाईनमध्ये हे लोक त्याच्या छातीला चिमटे काढतात. आम्हाला कोणी असं केलं असतं तर तुम्ही डायरेक्ट ऑफिसमध्ये नेलं असतं ना?"

हो, नेलं असतं. मी तिला तेच सांगितलं, आणि हेही की मुलाच्या बाबतीत वेगळं काही असायचं कारण नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, त्यात बालक म्हणजे अठरा वर्षांखालची कोणतीही व्यक्ती, मुलगी असो नाहीतर मुलगा. कोणी मोठ्या माणसाने असा हात लावला तर मला येऊन सांगायचं, शाळेत सांगायला भीती वाटली तर १०९८ ह्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा, चोवीस तास चालू असतो. ह्या वर्गात जे चाललंय त्याला तुम्ही मस्ती म्हणता, पण ज्याला चिमटा बसतो तो हसत नाही, आधीच दुखणाऱ्या जागी बसतो तो. आजपासून बंद, आणि बंद झालं नाही तर पालकांना बोलावलं जाईल. कबड्डीवाल्या मुलाने मागे वळून फक्त एवढंच म्हटलं, "ऐकलं ना?" माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असेल असं मला अजूनही वाटतं. मुख्याध्यापिका बाईंना मी त्याच दिवशी कळवलं, कोणाचंही नाव न घेता, आणि मधल्या सुट्टीत टॉयलेटच्या बाहेर आणि लाईनच्या वेळी एक शिक्षक उभा राहायला लागला.

शाळा सुटल्यावर लॅब आवरत होते तर दारात एक मुलगा. तुम्हाला असा मुलगा तुमच्या शाळेत पण सापडेल, उकाड्यात पण शर्टावर जर्किन, खांदे पुढे काढून चालणारा, पीटीच्या तासाला पोटात दुखतं म्हणून बसून राहणारा. पीटीचे सर मला आधी म्हणाले होते की ह्याला धावताना दम फार लागतो, दाखवायला सांगा घरी. चिठ्ठी तुझी का हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मी आधीच स्पष्ट केलं, कोणी तुला त्रास देत असेल, तुझ्या जिवाला धोका असेल तर ते मला लपवून ठेवता येणार नाही, बाकी तू सांगशील ते तुझ्या परवानगीशिवाय कोणाला सांगणार नाही. मग तो म्हणाला, "बाई, दम त्यामुळे नाही लागत," आणि शर्टाचं वरचं बटण काढून दाखवलं. आत क्रेप बँडेज. सकाळी आंघोळीनंतर बांधायचा ते रात्री सगळे झोपल्यावर सोडायचा, भर पावसाळ्यात, दिवसभर. काखेच्या खाली कातडी लाल होऊन सोलवटली होती. एवढं आवळल्यावर छाती फुलणार कशी आणि धावणार कसा तो.

मोबाईलवर एकदा त्याने ह्याबद्दल सर्च केलं होतं आणि मग रीलमागून रील यायला लागले, आधीचा फोटो नंतरचा फोटो, एका दिवसात घरी, सोपे हप्ते. माहिती त्याने शोधली आणि समोर आला तो दुकानदार. मला ह्याचाच सगळ्यात जास्त राग आहे, आपण वर्गात गप्प राहतो म्हणून ती जागा मोकळी राहत नाही, कोणीतरी धंदेवाला येऊन तिथे बसतोच.

बाबांना नको, आईला सांगा म्हणाला. आई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, पोळीभाजी केंद्रात काम करतात, तासाभराची सवलत घेऊन. त्यांना अगदीच माहीत नव्हतं असं नाही. अंगावरची सूज त्यांनी बघितली होती आणि कोणीतरी सांगितलं की बॉयलर कोंबडीच्या इंजेक्शनने होतं, म्हणून घरात चिकन बंद, अंडी बंद, सोयाबीन बंद. वाढत्या वयाच्या मुलाचं प्रोटीनच बंद केलं होतं बिचारीने, काळजीपोटीच. "बाई, मला वाटलं कॅन्सरबिन्सर निघाला तर, म्हणून डॉक्टरकडे जायची पण भीती वाटत होती." रडल्या थोड्या, मग मुलाला घेऊन केईएमला कधी जाऊ विचारलं.

केईएमच्या ओपीडीत डॉक्टरांनी नीट तपासलं, छातीच नाही तर वृषण पण तपासले, त्यांचा आकार, तिथे गाठ आहे का. काही औषधं चालू आहेत का, जिमची पावडर, कसल्या गोळ्या, सगळं विचारलं. वयात येतानाचीच सूज आहे, ऑपरेशन नाही, औषध नाही, सहा महिन्यांनी परत या, अंडी खायला घाला आणि बँडेज आजच्या आज बंद. हे सगळं मुलगा समोर बसलेला असताना त्याच्याकडे बघून सांगितलं, आईकडे बघून नाही, ह्याबद्दल त्या डॉक्टरांचे खरंच आभार.

वाचणाऱ्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी, थांबू नये असं कधी तेही त्यांना विचारून घेतलं. वयात यायची बाकी काहीच लक्षणं नसताना छाती वाढली, गाठ कडक आहे किंवा भराभर वाढतेय, स्तनाग्रातून काही येतंय, वृषणात गाठ लागतेय किंवा ते वयाच्या मानाने फारच लहान आहेत, किंवा दोन वर्षं होऊन गेली तरी कमी नाही, तर लगेच दाखवायचं. आणि शंका असेल तर नुसतं एकदा दाखवून यायला काय हरकत आहे, त्या मुलाच्या मनावरचं ओझं तेवढ्याने उतरतं.

आमच्याकडे, आणि मला माहीत असलेल्या कितीतरी शाळांमध्ये, दरवर्षी सॅनिटरी पॅडवाल्या ताई येतात. हॉलमध्ये घोषणा होते, मुली थांबा, मुलं मैदानावर जा. मुलींना व्हिडिओ दाखवतात, पॅकेट देतात, शंका विचारा म्हणतात. तो कार्यक्रम हवाच, त्याने आमच्या मुलींचा खूप फायदा झालाय. पण त्याच वेळी मैदानावर पाठवलेल्या मुलांना कोण काय सांगतं? दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये प्रजनन संस्था येते, तोपर्यंत मुलगे पंधरा वर्षांचे झालेले असतात, आवाज फुटून, सूज येऊन, जाऊन, घाबरून झालेलं असतं.

स्टाफरूममध्ये ह्यावर वाद झाले. एक सहकारी म्हणाल्या, मुलामुलींना एकत्र बसवून हे असलं, आपल्याकडे चालत नाही. मी बीएड करत होते तेव्हा, २००७ मध्ये, किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आपल्या राज्यात थांबवला होता, तक्ते अश्लील आहेत म्हणून, तेव्हाही हेच वाक्य होतं. पण आपल्याकडेच, ह्याच मुंबईत, विल्सन कॉलेजात गणित शिकवलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. ह्या कामापायी त्यांनी नोकरी गमावली, त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या लैंगिक विषयांवरच्या लिखाणावरून खटले झेलले, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. शंभर वर्षं होऊन गेली त्या केंद्राला. मी हे स्टाफरूममध्ये बोलले, सगळ्यांना पटलं असं नाही, पण मुख्याध्यापिका बाईंनी ऐकून घेतलं.

सध्या ठरलंय ते असं. आधी अर्धा तास मुलं-मुली एकत्र, दोघांच्या शरीरात काय होतं ते दोघांनीही ऐकायचं. मग वेगवेगळे गट, कारण काही प्रश्न वेगळं बसल्याशिवाय येतच नाहीत, हेही खरंय. मुलांच्या गटासाठी महापालिकेच्या दवाखान्यातले एक डॉक्टर यायला तयार आहेत. पालक सभेत सांगितलं तेव्हा दोन आयांनी कशाला म्हणून विचारलं आणि मागे उभे असलेले एक बाबा म्हणाले की आम्हाला पण बसू द्या, आम्हाला कोणी कधी सांगितलं नाही. डॉक्टरांना फक्त शनिवारी सकाळी वेळ आहे आणि शनिवारी आमची शाळा अर्धा दिवस असते, हॉलमध्ये स्कॉलरशिपचा जादा तास चालतो, तो कुठे हलवायचा ते ह्या आठवड्यात ठरवायचंय.